खाडीपलीकडचे सासरे

आमच्या बोरिवलीच्या घरात हॉलमध्ये सोफा नव्हता. जागा नव्हती असं नाही, पण ज्या भिंतीला सोफा लागला असता त्या भिंतीला माझ्या सासऱ्यांची सायकल टेकलेली असायची. लग्न ठरवायला माझे आईवडील आले तेव्हा त्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या होत्या. वडील चहाचा कप घ्यायला जरा पुढे सरकले तर सासरे म्हणाले, "जपून, पेडल आहे." आमच्या माहेराशी त्यांचं झालेलं हे पहिलं बोलणं. परत जाताना जिन्यात वडील म्हणाले, माणूस सरळ दिसतो. माझ्या वडिलांना माणसं कधीच कळली नाहीत.

ही सायकल ते खांद्यावर घालून तिसऱ्या मजल्यावर चढवत. इमारतीला लिफ्ट होती. पण लिफ्टमध्ये सायकल मागच्या चाकावर उभी करावी लागते आणि तसं केलं की तिच्या अंगात बिघाड होतो, असं त्यांचं ठाम मत होतं. तिला निळ्या कापडाचा अभ्रा होता, तो सासूबाईंनी शिवलेला. पुसायला सासूबाईंचीच सुती पातळं फाडली जात, आणि ती नेहमी जीर्ण झालेली असत असंही नाही. एकदा मी एक चांगलं धड पातळ त्या चिंध्यांमध्ये बघितलं आणि आईंना दाखवलं. (सासूबाईंना मी आई म्हणते, आणि त्या शब्दाला जागलेल्या माणसांपैकी त्या एक आहेत.) आई म्हणाल्या, "असू दे. सुती कापडानेच चेन नीट पुसली जाते म्हणतात."

सासरे विमा कंपनीत होते. तिथून निवृत्त होण्याआधीपासून त्यांचा हा रविवारचा नेम होता, आणि निवृत्तीनंतर आठवडाभर रविवारच सुरू झाला. पहाटे उठायचं, बोरिवलीच्या जेट्टीवर जायचं, सायकल बोटीत घालायची, पलीकडे गोराईला उतरायचं. तिथून मन उत्तरेला गेलं तर उत्तन, पाली, चौक, मग मिठागरांच्या कडेकडेने भाईंदर आणि हायवेने घरी. मन दक्षिणेला गेलं तर कुळवेम, मनोरी आणि उलट परत. वाटेत किनारे, तिवरांच्या दलदली, चर्चची पांढरी गावं, बोंबील वाळत घातलेले बांबूचे मांडव. या सगळ्याला ते "आपला मुलूख" म्हणत. आपला म्हणजे त्यांचा. आम्हाला कुणाला तिथला व्हिसा नव्हता.

पेहराव ठरलेला: ऑफिसची पॅन्ट, घोट्याला क्लिप, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट. रंगीत घट्ट कपडे घालून महागड्या सायकली हाणणारी पोरं बोटीत भेटत, त्यांना ते "सर्कस" म्हणत. त्या पोरांना मात्र ते फार आवडत. "काका, तुम्ही झकास आहात यार," असं एकाने सांगितल्याचं त्यांनी आम्हाला जेवताना सांगितलं होतं, तेही दोनदा. त्यांची काही वचनंही होती. "सायकलवर बसलेला माणूस खोटं बोलू शकत नाही, दम लागतो," हे त्यातलं आवडतं. पोरांनी ते कुठेतरी फोटोखाली टाकलं आणि त्याला खूप जणांनी अंगठे दाखवले.

घरच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर होतं. आम्ही त्यात चतुर्थी बघायचो आणि दूधवाल्याचे खाडे मांडायचो. ते त्यात समुद्र बघत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित त्यांना कोकणातल्या त्यांच्या आजोबांनी शिकवलं होतं, आणि मोबाइलवर सगळं मिळतं असं कुणी म्हणालं की ते त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघत. ओहोटीला वाळू घट्ट होते, तिच्यावरून सायकल पळते. म्हणून आमच्या घरातले कार्यक्रम ओहोटीला धरून होत, किंवा ओहोटीमुळे त्यांच्याविना होत. माझ्या मुलीचं बारसं अष्टमीला भर दुपारी होतं. आता अष्टमीच्या दुपारी, ऐन ओहोटीला, वाळू काय घट्ट असते हे तुम्हाला कोकणातला कुणीही सांगेल. सासरे आले ते पाहुण्यांची जेवणं झाल्यावर, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात सुकटीची पिशवी. पाळण्यात डोकावून म्हणाले, "काय नाव ठेवलंत?" सुकटीचा वास पाळण्याच्या झालरीला आठवडाभर येत होता.

माझा नवरा म्हणाला, "सोड ना गं, बाबा असेच आहेत." आमच्या घरात हे वाक्य इतक्यांदा वापरलं गेलंय की ते भिंतीत मुरलंय. मी सोडत नव्हते आणि अजूनही सोडलेलं नाही. हे लिहिते आहे ते त्यामुळेच.

राग कशाचा, तर त्यांच्या गोडव्याचा. मनोरीत कुणाची शेळी व्याली, कुळवेमच्या कुठल्या घरात सून नांदत नाही, पालीच्या कुणाचा जावई कुवेतहून परत आला आणि आता दिवसभर झोपून असतो, हे सगळं त्यांना माहीत. तिथल्या म्हाताऱ्यांचे चष्मे ते बोरिवलीहून दुरुस्त करून नेत. मिक्सरची पाती, होमिओपथीच्या गोळ्या, शिलाई मशीनची सुई, जे कुणी सांगेल ते. आणि आपली नात कितवीत आहे हे विचारलं तर ते आईंकडे बघत. आईंना एका वर्षी कंबरेचं दुखणं लागलं, महिनाभर त्या भिंत धरून चालत होत्या. सासरे त्यांना ओलांडून सायकल बाहेर काढायचे आणि म्हणायचे, "जरा सरक."

आई तशा मागणाऱ्या बाई नाहीत. त्यांनी एकच गोष्ट मागितलेली मी ऐकली, पण ती अनेकदा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिवरं दिसतात आणि तिवरांच्या वर पाण्याची एक पट्टी. आई भाजी निवडताना त्या पट्टीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "अहो, मला एकदा न्या ना पलीकडे. बोटीने जाऊ, तुमची माणसं बघू."

"तिथं काय आहे बघण्यासारखं?" सासरे म्हणायचे.

"तुम्ही जाता ते?"

"मी सायकलवर जातो. तुला झेपायचं नाही."

"मी रिक्षाने येईन."

"रिक्षाने कुणी जातं का तिकडे," असं म्हणून ते चेनला तेल घालायला लागत. बोटीला दहा मिनिटं लागतात हो. लग्न होऊन चाळीस वर्षं झालेल्या बाईला दहा मिनिटांवरचं गाव बघायला मिळालं नव्हतं, आणि कुणी तिला बांधून ठेवलेलं नव्हतं. मी म्हणायचे, आई, आपण दोघी जाऊ. त्या म्हणायच्या, नको, ते नेतील तेव्हाच जाऊ. त्यांना गाव बघायचं नव्हतंच. नवऱ्याबरोबर त्या गावात शिरायचं होतं आणि त्याने म्हणायला हवं होतं, ही माझी बायको.

मग सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सायकल बंद करून टाकली. त्या दिवसांत ते गॉगल लावून खुर्चीत बसत आणि सायकलकडे तोंड करून रेडिओ ऐकत. हँडलला एक पिशवी अडकवलेली होती. उत्तनच्या एका म्हातारीचा चष्मा आणि शेकायची रबरी पिशवी. म्हातारीला चष्म्यावाचून दिसत नाही म्हणून ते अस्वस्थ होते, हे मी मान्य करते. त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, "चर्चच्या मागे निळ्या दाराचं घर. नुसती पिशवी दे आणि ये. बोलत बसू नकोस." नवऱ्याने रविवारी जातो म्हणून सांगितलं आणि आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे तो रविवार काही उगवला नाही.

बुधवारी सकाळी सासरे डोळ्यांत थेंब घालून आत आडवे झाले होते. आईंनी पिशवी हँडलवरून काढली, केस विंचरले, ठेवणीतली हिरवी साडी नेसल्या आणि मला म्हणाल्या, "चल."

"त्यांना सांगायचं?"

"म्हातारीला दिसत नाही गं," आई म्हणाल्या. एवढंच कारण त्यांनी स्वतःलाही सांगितलं असावं.

बोटीत त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. पलीकडे उतरून आम्ही रिक्षा केली. रस्त्याच्या एका बाजूला दलदल, त्यात पांढरे बगळे, दुसऱ्या बाजूला मध्येच समुद्र दिसायचा आणि जायचा. आई प्रत्येक वळणावर रिक्षावाल्याला गावाचं नाव विचारत होत्या आणि नाव ऐकलं की मान हलवत होत्या. सगळी नावं त्यांना पाठ होती. जेवताना ऐकलेली. त्यांचा चेहरा मी इतका मोकळा कधी बघितला नव्हता आणि मला उगाच वाटलं, आता सगळं ठीक होणार.

निळं दार उघडंच होतं. म्हातारी ओट्यावर बसून सुकी मासळी निवडत होती, अगदी नाकाजवळ धरून. आईंनी पिशवी पुढे केली आणि बोरिवलीच्या सायकलवाल्यांकडून आलोय, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय म्हणून सांगितलं. म्हातारीने आधी चष्मा चढवला, मग आम्हाला बघितलं, आणि तिला इतका आनंद झाला की ती उठून आत जाऊन खुर्च्या आणायला लागली. त्यांच्या डोळ्यांचं कसं आहे, जेवतात का, असं सगळं विचारून झालं. मग ती म्हणाली, "त्यांना कोन करून घालते? बायको गेली तवापासून मानसाचे हाल बगवत नाय."

मी आईंकडे बघितलं. आई म्हातारीकडे बघत होत्या.

"कधी गेली?" आईंनी विचारलं.

"तुमाला ठाव नाय? लय वरसं झाली. माजा नवरा गेला त्याच्या आदी. म्हनून तर मी त्यांना जेवल्याबिगर सोडत नाय. एकटा मानूस." मग म्हातारी माझ्याकडे वळून समजावल्यासारखं बोलायला लागली. नोव्हेंबरात त्यांच्याकडे मेलेल्यांचा दिवस असतो, सगळी जणं कबरस्तानात जाऊन आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावतात. सायकलवाल्यांच्या बायकोला कबर नाही, हिंदू ना. तर तिने आपल्या नवऱ्याच्या कबरीवर एक मेणबत्ती तिच्यासाठीही लावायला सुरुवात केली होती. "दर वरसाला लावते. फादरनी पन सांगितलं, लाव, चांगलं हाय. नाव घेऊन लावते, कुसुमबाय म्हनून."

आमच्या घरात कुसुम नावाचं कुणी नाही. आईंचं नाव सुनंदा. मला वाटलं, काहीतरी गफलत आहे, म्हातारी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे, आणि मी तसं म्हणणार तेवढ्यात आईंचा हात माझ्या मनगटावर आला. कुसुम हे आईंचं माहेरचं नाव. लग्नात सासऱ्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनंदा लिहिलं आणि तेव्हापासून कुसुम म्हणून हाक मारणारी माणसं एकेक करून गेली. हे सगळं मला नंतर कळलं.

"लय गुनाची होती म्हनतात," म्हातारी म्हणाली. "सायकलवरून शाळेत जायची. गावात पैली पोरगी सायकल चालवनारी. उतारावर दोन्ही हात सोडायची म्हने. ते सांगतात तवा त्यांच्या डोल्यांत पानी येते." मग तिने आईंना विचारलं, "तुमी त्यांच्या कोन?"

आईंनी साडीचा पदर सारखा केला. "बहीण," त्या म्हणाल्या.

परतीच्या रिक्षात मी खूप बोलले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आई दलदलीकडे बघत होत्या. जेट्टी दिसायला लागल्यावर म्हणाल्या, "हात सोडायचे ते मी त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तेव्हा पेपर वाचत होते. म्हणजे ऐकत होते तर."

"आई, तुम्हाला सायकल येते?"

"यायची," आई म्हणाल्या.

घरी आलो तेव्हा सासरे खुर्चीत होते. हँडलवर पिशवी नाही हे त्यांना गॉगलमधूनही दिसलं असणार, कारण त्यांनी रेडिओ बंद केला. आई समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशीला चष्मा पोचला. तुमच्या जेवणाची काळजी करत होती."

सासऱ्यांनी गॉगल काढून शर्टाच्या टोकाने पुसला. मग म्हणाले, "प्रत्येक घरात विचारायचे गं. बायकोला का आणत नाही, पुढच्या वेळी आणा, सणाला आणा. तेच तेच. प्रत्येक वेळी काय सांगायचं मी? एकदा वैतागून म्हटलं, ती नाहीये. तिथनं ते पसरलं. मग कसं मागे घेणार?"

"आणायचं होतंत," आई म्हणाल्या.

त्यावर त्यांनी पुन्हा रेडिओ लावला. मी वाट बघत होते की आई आता तरी ओरडतील, भांडी आपटतील, माहेरी जातील. आईंनी संध्याकाळी सासऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. मला आईंचाही राग आला होता, आणि नवऱ्याला सांगितलं तर तो आधी हसला. मग माझं तोंड बघून पाणी प्यायला उठला.

डोळे बरे झाल्यावर सासरे पुन्हा जायला लागले. उत्तनलाही. विधुर म्हणून. म्हातारीच्या हातचं जेवून येत आणि घरी आईंना सांगत, आज भूक नाही. आणि नोव्हेंबर आला तेव्हा आई एकट्या निघाल्या, हिरवी साडी नेसून, बहीण म्हणून. पुढे दर नोव्हेंबरला. एकाच घरातली दोन माणसं एकाच म्हातारीकडे वेगवेगळ्या दिवशी जात आणि त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढत नसत. मी आईंना विचारलं, तुम्ही का जाता हो तिथं, स्वतःच्या नावाची मेणबत्ती बघायला?

"तिथं कुसुमबद्दल ऐकायला मिळतं," आई म्हणाल्या. "दर वेळी काहीतरी नवीन सांगितलेलं असतं त्यांनी. मी विसरलेले असते."

"मग सांगून टाका ना म्हातारीला खरं."

"ती बाई इतकी वर्षं कबरस्तानात उभी राहून मेणबत्ती लावते. तिला कुठे खोटं पाडू? खोटं तिने नाही बोललेलं."

सासरे गेल्या वर्षी गेले. सायकलवर नाही, किनाऱ्यावर नाही, खुर्चीत, टीव्हीवर बातम्या चालू असताना. सर्कशीतली पोरं स्मशानात आली होती, एकजण तर ओक्साबोक्शी रडला. "असा जिंदादिल माणूस नाही बघितला," म्हणाला. मी त्याला पाणी दिलं.

उत्तनला आईंनी स्वतः फोन केला. मंडळी भेटायला येतो म्हणाली, तेव्हा आईंनी मंगळसूत्र काढलं नाही. आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांची खरी बहीण, कुजबुजल्या, हे काय, आणखी कपाळाला टिकलीही. आई म्हणाल्या, "पाहुणे यायचेत." आत्याबाईंना त्यातलं काही कळलं नाही आणि मी कळवलंही नाही. त्या दिवशी दुपारी मी आत्याबाईंना जवळच्या बागेत नेऊन बसवून आले, नवऱ्याला बाहेर पाठवलं. एका खोट्याची उस्तवार करायला केवढी माणसं लागतात. आणि ज्याने ते बोलून ठेवलं तो भिंतीवर हार घालून हसत होता.

म्हातारी दोन बायकांना धरून तिसऱ्या मजल्यावर आली, लिफ्टने. अजून निळ्या अभ्र्यात असलेल्या सायकलवरून तिने हात फिरवला, तेव्हा ती रडली. मग आईंच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. सख्ख्या बहिणीला भाऊ गेल्यावर जितकं समजवायचं तितकं समजावलं. आई मान हलवत होत्या. चाळीसहून जास्त वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचं दुःख त्यांना भावाच्या मापात घालून दाखवावं लागत होतं, आणि मला तिथं बसवेना. पण उठताही येईना.

निघताना म्हातारीने फोटोकडे बघून क्रूसाची खूण केली. "आता सुटले," ती म्हणाली. "कुसुमबाय वाट बगत असेल. या नोव्हेंबरात दोन मेनबत्त्या लावीन, त्यांची नि तिची, शेजारी शेजारी."

"शेजारी नको, मावशी," आई म्हणाल्या. "तिची जरा लांब लावा."